मडगाव: एका स्टेशनात दोन रेल्वे

मडगाव म्हटलं की आपल्याला कोकणकन्या आठवते. पण या स्टेशनाचं पहिलं शतक मुंबईकडे पाठ करून गेलं. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराला हवं होतं मुरगाव बंदर. दख्खनचा माल घाट उतरून जहाजावर चढावा, एवढ्यासाठी मीटरगेज (एक मीटर रुंद रुळांची) लाईन आली. 1888 मध्ये ती घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला जाऊन भिडली. मडगाव हे तिच्यावरचं वाटेतलं एक स्टेशन. मुंबई गाठायची तर लोंढा, मिरज, पुणे असा वळसा. 1955 मध्ये भारतानं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा तीही वाट तुटली, ती जुळली गोवा मुक्तीनंतर.

या लाईनीचं खरं दुखणं घाटपायथ्याचं कुळें ते कॅसलरॉक हे सुमारे 26 किलोमीटर. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. 22 डब्यांची गाडी पूर्ण चढणीवर असली की पुढचा डबा शेवटच्यापेक्षा जवळजवळ 14 मीटर उंच असतो. चार मजल्यांची इमारतच म्हणा ना! म्हणून कुळेंला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. सगळी पुढेच का लावत नाहीत? तसं केलं तर अख्ख्या गाडीचं ओझं पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीवर येईल. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि मध्येच कपलिंग तुटलंच तरी मागचे डबे घरंगळत नाहीत. ही जोडतोड करायला वेळ जातो, प्रवासी उगाच चिडतात.

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झाली आणि मडगावचं तोंड उत्तर-दक्षिण फिरलं. शेवटपर्यंत छळलं ते पेडण्याच्या बोगद्यानं. कातळ परवडला, तिथली ओली मऊ माती नको. दोन्ही लाईनी माजोर्ड्याला इंग्रजी वायसारख्या मिळतात. एक फाटा वेर्ण्याहून येतो, दुसरा वास्कोहून, आणि दोघांचा मिळून रोख मडगावकडे. त्यामुळे मुंबईहून आलेल्या गाडीला इंजिन दुसऱ्या टोकाला न लावता वास्कोला जाता येत नाही. वास्कोच्या प्रवाशानं मडगावला उतरून गाडी बदलावी हे सोपं.

आता पाऊस. पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, वेग कमी ठेवलेला असतो. जुन्या वेळा पाठ असतील तर त्या महिन्यांत विसरा. ऑगस्ट 2020 मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली, तेव्हा गाड्या लोंढा-मिरजमार्गे गेल्या. म्हातारी घाटलाईन उपयोगी पडली. पण पुढच्याच वर्षी, जुलै 2021 मध्ये, चिपळूणला वाशिष्ठीच्या पुरानं कोकण मार्ग अडला, मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी याच घाटातून वळवली आणि सोनावळी-दूधसागरच्या मध्ये दरड येऊन तिचे डबे घसरले. मडगावच्या दोन्ही वाटा एकाच पावसाच्या पट्ट्यात आहेत.