वारा मोजायचा तर आधी जागा बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘वाऱ्याचा वेग मोजणारी आधुनिक उपकरणं’. तिथे पोचायचं आहेच, पण सुरुवात या करवंटीपासून करू. तो टेबलफॅन जरा मोठा कराल का? हं. आता या ताई पुढे येतील. करवंटीचं पोकळ तोंड पंख्याकडे धरा. हाताला रेटा लागतो ना? आता उलटी धरा. उतरला! फुगीर पाठीवरून वारा निसटतो, पोकळीत मात्र कोंडतो. अर्धगोलाच्या पोकळ बाजूवरचा रेटा फुगीर बाजूच्या साधारण साडेतीनपट असतो. पावसात छत्री उलटते तेव्हा आपण हाच अनुभव घेतो.

अशा वाट्या उभ्या दांड्याभोवती बसवल्या की वारा कुठूनही येवो, चक्र एकाच अंगाने फिरतं. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी १८४६ साली चार वाट्यांचा वेगमापक केला. त्यांना वाटलं, वाट्या लहान असोत की मोठ्या, त्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानेच फिरतात. तसं नसतं. हे प्रमाण वाटीच्या आणि ती जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या मापाप्रमाणे बदलतं, म्हणून यंत्र वातबोगद्यात, म्हणजे ठरलेल्या वेगाचा वारा सोडणाऱ्या बोगद्यात, तपासून घ्यावं लागतं. आता बहुतेक ठिकाणी तीनच वाट्या दिसतात.

पण यंत्र तपासलं की काम झालं, या समजुतीवर माझा राग आहे. मी एका संस्थेत हवामानाच्या नोंदी ठेवायचो. वेगमापक गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. भर जुलैत नारळ कमरेत वाकतायत आणि माझ्या वहीत आकडा मंद झुळकेचा! वर चढून पाहिलं तर एका वाटीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. ते काढलं, बेअरिंगला तेल दिलं, वाट्या बोटाच्या धक्क्याने गरगर फिरायला लागल्या. आकडा तरी तेवढाच. शेवटी जुन्या धोतराच्या दोन पट्ट्या फाडल्या. एक यंत्राच्या उंचीवर बांधली, दुसरी लांब बांबूला लावून टाकीच्या वर धरली. वरची ताठ होऊन फडफडत होती, खालची ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. टाकी नेमकी नैर्ऋत्येला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या तोंडावर! साहेबांना लिहून दिलं. उत्तर आलं, यंत्राला प्रमाणपत्र आहे. तीन पावसाळ्यांच्या त्या खोट्या नोंदी कपाटात खऱ्या म्हणून पडल्यात, याचं मला आजही वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

वेगमापकाची प्रमाण उंची जमिनीपासून १० मीटर, आणि अडथळ्यापासूनचं अंतर अडथळ्याच्याच उंचीच्या निदान दहापट. जमिनीलगत झाडं-घरं वाऱ्याला अडवतात, वर तो मोकळा होतो. मग विचारायचं, आकडा सरासरीचा की झोताचा, म्हणजे क्षणभर उसळणाऱ्या वाऱ्याचा? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटर आणि १३० असे दोन आकडे सांगितले गेले. लोक म्हणाले, यांचं यांनाच ठरत नाही. अहो, पहिला सरासरीचा, दुसरा झोताचा! हा फरक लहान नाही. वेग दुप्पट झाला की कौलांवरचा दाब चौपट होतो, आणि पवनचक्कीला मिळणारी ऊर्जा आठपट.

आता आधुनिक यंत्रं. ध्वनिलहरींच्या वेगमापकात फिरणारं काहीच नसतं. समोरासमोरच्या दोन टोकांमध्ये आवाज ये-जा करतो. वाऱ्याबरोबर तो लवकर पोचतो, विरुद्ध उशिरा, त्या फरकावरून वेग. तापल्या तारेच्या यंत्रात वारा तारेला किती गार करतो ते बघतात. विमानाची पिटो नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते. वाट्यांची खोड अशी की झोतात त्या पटकन वेग घेतात, सोडतात मात्र सावकाश, म्हणून झोताच्या वाऱ्यात सरासरी थोडी जास्त दाखवतात.

आणि जागा कशी निवडावी ते इथे रत्नागिरीजवळच बघा. पानवलच्या रेल्वेपुलाचा सगळ्यात मोठा खांब ६० मीटरहून उंच. खाली दरीत पान हलत नसेल तेव्हाही वर गाडीला वारा आडवा झोडपत असू शकतो. कोकण रेल्वेने वेगमापक बसवला तो पुलावर.