भेकराची सहा, म्हशीची पन्नास

मंडळी, माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. चिंपांझीत ४८ असतात. बटाट्यातही ४८च. हे सांगितलं की सभागृहात हमखास कुणीतरी हसतं. कारण आपण मनात धरून बसलेलो असतो की जीव जितका प्रगत, तितकी त्याची गुणसूत्रं जास्त. तसं काही नसतं. मला आज आकड्यांच्या गमतीत फार रमायचं नाही. आकडा बदलतो कसा आणि बदलल्यावर अडतं कुठे, हे पाहायचंय.

त्यासाठी भेकराइतका चांगला प्राणी नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना या छोट्या हरणाचं भुंकणं ओळखीचं असेल. डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी १९७० साली या भारतीय भेकराची गुणसूत्रं मोजली. मादीत ६ आणि नरात ७! सस्तन प्राण्यांत इतका छोटा आकडा तोवर कुणी पाहिला नव्हता. (माणसाचं ४६ सुद्धा नक्की झालं १९५६मध्ये. त्याआधी तीसेक वर्षं आपण बिनदिक्कत ४८ छापत होतो.)

आता याचाच चिनी भाऊबंद घ्या. दिसायला बराचसा सारखा, पण गुणसूत्रं ४६. मग भारतीय भेकराचा बाकीचा वारसा गेला कुठे? कुठेही गेला नाही. गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली, सुतळीचे तुकडे गाठी मारून लांब करावेत तशी. त्या गाठी आजही सापडतात. एरवी गुणसूत्राच्या ठरावीक जागी असणारे डीएनएचे पट्टे भेकराच्या लांबलचक गुणसूत्रांत मध्येच कुठेतरी दिसतात. आपल्याही दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात अशी एक गाठ आहे. वानरकुळातल्या आपल्या नातेवाइकांत ती दोन वेगळी गुणसूत्रं आहेत. म्हणून त्यांची ४८ आणि आपली ४६.

आणि नरात ते सातवं कुठून आलं? भेकरात एक्स गुणसूत्र तिसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं आहे. मादीत अशा दोन जोड्या, त्यामुळे हिशेब सरळ. नरात मात्र एक चिकटलेली जोडी, एक सुटं तिसरं आणि एक सुटं वाय. पहिल्या दोन क्रमांकांची चार धरली की झाली सात.

चीनमध्ये या दोन भेकरांचा संकर घडवला गेला. नर पिल्लाला चिनी बाजूची २३ आणि भारतीय बाजूची ४ अशी २७ गुणसूत्रं मिळाली. पिल्लू जगलं, पण त्याच्यात शुक्रपेशी धड तयार होईनात. शरीर चालवायला अडचण नव्हती, कारण सगळी माहिती हजर होती. अडलं ते बीजपेशी बनताना. तिथे प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधून शेजारी बसावं लागतं. एका लांब गुणसूत्रासमोर अनेक आखूड उभी राहिली की घोळ होतो. घोडा ६४, गाढव ६२ आणि खेचर ६३, तिथेही मूळ दुखणं हेच.

म्हणून आकडा विषम आला की वंश खुंटलाच, असं कुणी धरून चालेल. तेव्हा म्हशीकडे बघा. आपल्या मुऱ्हा, पंढरपुरी या नदीकाठच्या म्हशी, त्यांची ५०. आसामपासून पुढे आग्नेय आशियात दलदलीतली म्हैस आहे, तिची ४८. फरक एवढाच की आपल्या म्हशीचं चौथं आणि नववं गुणसूत्र तिच्यात जुळून एक झालंय. संकरित म्हशीत ४९ येतात आणि तरी ती वितेसुद्धा! एकच गाठ असेल तर तीन गुणसूत्रं नीट शेजारी बसू शकतात. माझ्या मते गुणसूत्रांची निव्वळ संख्या सांगून थांबणं निरर्थक आहे. किती ठिकाणी आणि कशी जुळणी झाली, ते विचारायला हवं.

वनस्पतींचा मार्ग वेगळा, तिथे संचच्या संच वाढतात. खपली गव्हात २८ आणि रोजच्या पोळीच्या गव्हात ४२. टोकाचं उदाहरण म्हणजे ओफिओग्लॉसम हे नेचे. केरळच्या अब्राहम आणि निनान यांनी १९५४ साली त्यात १,२६० मोजली. झाड मात्र एवढंसं, पान बहुधा एकच.

म्हशीचं एक सांगायचं राहिलं. दूध वाढावं म्हणून चीन, फिलिपिन्समध्ये दलदलीच्या म्हशींना मुऱ्हा रेड्यांचं रेतन करतात. पुढच्या पिढ्यांत ४८, ४९, ५० अशी सरमिसळ होते आणि ती बाहेरून ओळखता येत नाही. कृत्रिम रेतनाचा रेडा निवडताना आपल्याकडेही दुधाच्या नोंदींबरोबर त्याच्या गुणसूत्रांची तपासणी होते, ती उगाच नव्हे.