दहाव्या क्रमांकाचा एक गुण

श्रोतेहो, नमस्कार. गावचा वार्ताहर गावच्याच खेळाडूला झुकतं माप देतो, ही तक्रार अमेरिकेतल्या बेसबॉलइतकीच जुनी आहे. आज बोलायचंय ते त्याच झुकत्या मापाबद्दल.

आधी हिशेब समजून घेऊ. बेसबॉलमध्ये ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ हा वर्षातला सगळ्यात मानाचा पुरस्कार. तो देतात बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेचे पत्रकार. संघटना १९०८ सालची, आणि पुरस्कार तिच्या हातात आला १९३१ मध्ये. प्रत्येक संघाच्या गावातले ठरावीक पत्रकार मत देतात. मतपत्रिकेवर दहा नावं लिहायची, क्रमाने. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, आणि असं उतरत उतरत दहाव्याला १. दहाव्याला फक्त एक गुण, हे ध्यानात ठेवा.

आता १९४७ सालात चला. अमेरिकन लीग, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या दोन मोठ्या साखळ्यांपैकी एक. तिच्यात बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स. सरासरी, म्हणजे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, ०.३४३; होम रन, म्हणजे आपले षटकार समजा, ३२; धावा घडवल्या ११४. तिन्ही आकड्यांत लीगमध्ये पहिला, म्हणजे ट्रिपल क्राउन. समोर न्यूयॉर्क यांकीजचा जो डिमॅजिओ. त्याचे आकडे ०.३१५, २० आणि ९७. पण लीग जिंकली यांकीजनी आणि बोस्टन राहिलं तिसरं.

निकाल लागला. डिमॅजिओ २०२, विल्यम्स २०१. एका गुणाने गेला! आणि मग कळलं, की चोवीसपैकी एका पत्रकाराच्या मतपत्रिकेत विल्यम्सचं नावच नाही. पहिलं सोडा, दहावंही नाही. त्या पत्रिकेत विल्यम्स दहावा असता तर बरोबरी झाली असती. नववा असता तर पुरस्कार त्याचाच होता.

संशय कुणावर गेला असेल? बोस्टनच्याच एका पत्रकारावर. कारण विल्यम्सचं आणि बोस्टनच्या वर्तमानपत्रांचं वर्षानुवर्षं हाडवैर. तेव्हा बोस्टनमध्ये वर्तमानपत्रांची गर्दी, रोज एकमेकांवर कुरघोडी, आणि विल्यम्सवरची बोचरी बातमी हमखास खपायची. तोही कमी नव्हता. भर मैदानात त्याने प्रेस बॉक्सच्या दिशेने थुंकून दाखवलंय. पुढे आत्मचरित्रात त्याने त्या पत्रकाराचं नाव घेऊनच ठपका ठेवला, आणि गोष्ट पक्की होऊन बसली: घरच्याच माणसाने गळा कापला.

नंतर अभ्यासकांनी नोंदी उकरल्या. त्या पत्रकाराला त्या वर्षी मतदानाचा हक्कच नव्हता! बोस्टनच्या तीन मतदारांनी, तिघांनीही, विल्यम्सला पहिला क्रमांक दिला होता. आणि विल्यम्सला पहिल्या क्रमांकाची मतं एकूण मिळाली किती? तीनच. म्हणजे त्याला पहिला ठरवणारं गाव एकच निघालं, आणि ते बोस्टन. ज्यांना तो जन्मभर शिव्या देत राहिला, ते. नाव गाळणारा बोस्टनचा नव्हताच.

माझं मत विचाराल तर तिघांचं मत आकड्यांवर बरोबरच होतं. पण बाकी एकवीस जणांपैकी एकालाही ते पटलं नाही, तेव्हा गावाचा धागा नव्हता असं मी म्हणणार नाही.

आता थोडं वार्ताहराच्या दुसऱ्या एका कामाबद्दल. १९७०च्या दशकापर्यंत अधिकृत स्कोअररचं काम बहुधा गावच्याच वार्ताहराकडे असे. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला, तर ती बॅटरची ‘हिट’ की क्षेत्ररक्षकाची ‘एरर’, हे स्कोअरर ठरवतो. कसोटी अशी, की सर्वसाधारण प्रयत्नात तो चेंडू जमला असता का. हिट दिली तर बॅटरची सरासरी वाढते. एरर दिली तर त्यातून झालेली धाव पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, खात्यात मोजत नाहीत. म्हणजे गोलंदाजी आपल्या संघाची असली, की एरर देऊन आपलाच पिचर वाचतो आणि आपलाच क्षेत्ररक्षक बुडतो. आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन जायचं त्याच ड्रेसिंग रूममध्ये! पुढे बऱ्याच वर्तमानपत्रांनी आपल्या माणसांना या कामातून काढून घेतलं.

आपल्या क्रिकेटच्या स्कोअररला हे असलं काही ठरवावं लागत नाही, पंचांनी खूण केली की नोंदायचं.

पैशाचा मुद्दाही आहे. एकेकाळी वार्ताहराचा रेल्वेचा, हॉटेलचा, जेवणाचा खर्च क्लबच उचलायचा. ज्याचं खायचं त्याच्यावर लिहायचं, म्हणजे लेखणी कुठे वाकणार ते उघड आहे. न्यूयॉर्क टाइम्ससारखी काही वर्तमानपत्रं आपल्या माणसांना पुरस्कारासाठी मत देऊच देत नसत, तीही लेखणी वाकू नये म्हणूनच.

तेव्हा पक्षपात शोधायचा असेल तर पहिल्या क्रमांकाकडे बघू नका, गाळलेल्या नावाकडे बघा. पुन्हा सांगतो, गाळलेल्या नावाकडे. १९९९ मध्ये बोस्टनच्या पेद्रो मार्टिनेझने २३ सामने जिंकले, ३१३ बळी स्ट्राइकआउटने, म्हणजे बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करून, घेतले, आणि पुरस्कार १३ गुणांनी हुकला. दोघांच्या पत्रिकेत त्याचं नाव नव्हतं. दोघांनी चौथा क्रमांक दिला असता तरी १४ गुण झाले असते. त्यातला एक न्यूयॉर्कचा. पिचर रोज खेळत नाही, म्हणून त्याला मत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि आदल्याच वर्षी त्याच माणसाच्या पत्रिकेत दोन पिचर होते, त्यातला एक खुद्द यांकीजचा.