धुऱ्यावरचं झाड

(पडद्यावर : शाळेचा व्हरांडा, मुलांच्या चित्रकलेच्या वह्या)

दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाची झाडं. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. इथं नारळ देवळात फुटतो, वावरात उगवत नाही.

सर वह्या मिटायला लावतात आणि पोरांना धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर नेतात.

(पोरांच्या हातात कोळशाच्या काड्या)

चुलीत अर्धवट जळालेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी काडी, हाच इथला चारकोल. कागदावर आडवी घासली, की बाभळीची भेगाळलेली साल जशीच्या तशी उमटते.

फाल्गुन सरत आलाय. पळसावर पान नाही, नुसती फुलं. चिनी चित्रकारांनी प्लमची अशीच बिनपानांची, फुललेली फांदी शतकानुशतकं काढली. पाइन आणि बांबूसोबत प्लम हा त्यांच्या ‘हिवाळ्याच्या तीन मित्रां’पैकी एक. कडाक्याच्या थंडीत फुलतो, म्हणून जिद्दीची खूण. आपला पळस मात्र थंडी सरल्यावर पेटतो. त्याच्याकडं पाहिलं, की वैदर्भीय माणसाला पुढचं ऊन दिसतं. फांदी तशीच उघडी, पण मातीनं तिचा अर्थ बदलला.

(कॅमेरा मोहाच्या झाडावर. वीज पडून शेंडा जळालेला, खालच्या फांद्या जिवंत)

या मोहाचं भावंड बर्लिनच्या संग्रहालयात आहे. जर्मन चित्रकार कास्पर डाविड फ्रीडरिश यानं १८२२ मध्ये माळावरचा एकटा ओक रंगवला. शेंडा वाळून मोडलेला, खाली पालवी. त्यात कुणी म्हातारपण पाहतं, कुणी चिवटपणा. मला मात्र बुंध्याला टेकलेला, बोटाच्या पेराएवढा मेंढपाळ महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर ते झाड फक्त मोडकं दिसलं असतं. त्याच्या टेकण्यानं ते आधार झालं.

हे चित्र इथल्या पोरांनी पाहिलेलं नाही.

(एका मुलीचा कागद, अगदी जवळून)

शेंडा काढताना तिनं इतका जोर दिला, की काडी मोडली. उरलेल्या तुकड्यानं ती सावली भरते, बोटानं पुसते. मध्येमध्ये कागदाचे पांढरे ठिपके मुद्दाम कोरे सोडते : पहाटे गळालेली मोहफुलं. बुंध्याशी एक वाकलेली पाठ.

“हे कोण?” सर विचारतात.

“माही आजी हाये, सर. थांबा, टोपलं काढाचं राह्यलं.”