डॉक्टरांची पाठ

(दृश्य : रंगीत खडूंनी काढलेलं चित्र)

अमेरिकेतल्या सात वर्षांच्या एका मुलीने काढलेलं हे चित्र. विषय : आपण डॉक्टरांकडे गेलो होतो तो दिवस. तपासणीच्या टेबलावर ती स्वतः, शेजारी ताई, आईच्या कुशीत धाकटी बहीण. डॉक्टर मात्र कॉम्प्युटरकडे तोंड करून बसलेत, या सगळ्यांकडे पाठ. 2012 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

डॉक्टर पाठमोरे झाले ते नोंदींपायी. रुग्णासमोरच्या एका तासामागे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि कागदपत्रांत जातात, असं 2016 च्या एका पाहणीत दिसलं. शिवाय रात्री घरी, जेवणं आटोपल्यावर, उरलेल्या नोंदी.

(दृश्य : टेबलावर फोन)

परीक्षेत अंध मुलांना लेखनिक मिळतो ना, तसा हा डॉक्टरांचा लेखनिक : फोनमधलं एआय ॲप, बोलणं ऐकून नोंद लिहिणारं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात पर्मनन्टे मेडिकल ग्रुप या डॉक्टरांच्या संस्थेने ऑक्टोबर 2023 मध्ये तो आणला. दहा आठवड्यांत 3,442 डॉक्टरांनी 3,03,266 भेटींत वापरला.

आधी परवानगी. समोर बसलेल्या रुग्ण बाई मान हलवतात, फोन ऐकू लागतो. त्या सांगतायत ते गुडघ्याचं, मधेच नातवाच्या बेसबॉलचं, परत गुडघ्याचं. बोलणं अक्षरांत उतरतं, मग त्यातून तक्रार, तपासणी, निदान, उपचार अशी नोंद तयार होते. ‘जिना उतरताना दुखतं’ हे राहतं, बेसबॉल गळतं.

(दृश्य : डॉक्टरांचा हात गुडघ्यावर)

फोनला डोळे नाहीत. म्हणून हाताला लागलं ते डॉक्टरांना मोठ्याने बोलावं लागतं : ‘‘उजव्या गुडघ्याला सूज आहे. वाकवताना आत करकर जाणवते.’’ पूर्वी हे वाक्य मुकाट्याने केसपेपरवर जायचं. आता ते बाईंच्याही कानावर पडतं. बघा, त्यांनी स्वतःच गुडघ्याला हात लावला. आम्हाला या सगळ्या चित्रीकरणात हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो.

हा लेखनिक चुकतोही. कोणी बोलतच नसताना वाक्यं रचल्याचं 2024 च्या एका अभ्यासात अशाच एका ध्वनी-लेखन प्रणालीबद्दल आढळलं. म्हणून सहीआधी वाचणं आलंच.

(दृश्य : स्क्रीन)

डॉक्टर नोंद वाचतायत. एका जागी थांबले. ‘डावा’ खोडून ‘उजवा’ केलं. मग सही.