आपले ध्येय आपणच ठरवावे

श्रोतेहो, नमस्कार.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या कोकणात घरोघरी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न निघतो, आणि मुलाने तोंड उघडण्याआधीच मुंबईच्या काकांनी त्याचे उत्तर देऊन टाकलेले असते. काकांची माया खरी असते. परंतु दुसऱ्याने ठरवून दिलेल्या ध्येयासाठी पहिली ठेच खाल्ल्यावर पुन्हा उठण्याची उमेद सहसा राहत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

अशा वेळी मला दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे आठवतात. परीक्षेसाठी ते कोवळ्या वयात सह्याद्री ओलांडून थेट साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. एवढी पायपीट वाया गेली, तरी त्यांनी शिक्षण सोडले नाही आणि 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढे विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करण्याचे त्यांनी मनाशी पक्के केले. 1896 मध्ये त्यासाठी आश्रम काढला, तो 1900 मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याला नेला, आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झाल्यावर ते चिखलवाट तुडवीत तिकडे जात राहिले. महिला विद्यापीठ 1916 साली उभे राहिले, तेव्हा त्यांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. ध्येय एवढे मोठे, पण त्याचे रोजचे रूप मात्र संध्याकाळी हिंगण्याची वाट धरणे एवढेच होते. मला यातच सारे मर्म दिसते.

‘काजूचा उद्योग काढायचा’ असे म्हणणारे तरुण-तरुणी आपल्या गावोगावी आहेत. त्यांनी तेच वहीत असे लिहावे: दिवाळीपूर्वी प्रक्रियेचे प्रशिक्षण घेईन, आणि येत्या हंगामात घरची दोन मण बी व्यापाऱ्याला न घालता ती वाफवून, फोडून, गराची साल काढून स्वतः विकीन. असे लिहिले की उद्या सकाळी उठून कोणाला भेटायचे, हे कळते. मग महिन्यातून एकदा ती वही उघडावी. गराचे तुकडे फार होत असतील, तर बी वाफवण्याची वेळ बदलून पाहावी. गिऱ्हाईक कमी पडेल असे वाटत असेल, तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून पुढच्या हंगामाची मागणी आधीच नोंदवून घ्यावी.