शाकाहारी ताटातली साखर

श्रोतेहो, नमस्कार. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार या जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारांवर वनस्पतिजन्य आहाराचा आणि एकूण जीवनशैलीचा काय परिणाम होतो, यावर गेली काही दशके जगभर संशोधन चालू आहे. त्यातला जो निष्कर्ष मराठवाड्यातल्या घरांसाठी मला सर्वांत कामाचा वाटतो, तो आरंभीच सांगून टाकतो. ताटात मांस-मासे नाहीत एवढ्यावर हे आजार टळत नाहीत. त्यांच्याऐवजी ताटात काय वाढले आहे, यावर ते अवलंबून असते. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसले, आणि त्यांत पिढीजात शाकाहारी घरांतली माणसेही पुष्कळ आहेत.

गंगाखेडकडच्या एका गावातले माळकरी गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. त्यांचे नाव सांगत नाही, आपण त्यांना बापू म्हणू. शेत मुलाच्या स्वाधीन करून ते देवळात रमले होते. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी जी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तिचा आकडा ९.४ आला होता, आणि तो कागद माझ्यापुढे सरकवताना त्यांचा सूर सरळसरळ तक्रारीचा होता. "साहेब, मला काहून व्हावी साखर? गळ्यात माळ हाय, जन्मात अंड्याला हात लावला नाही. अन् खाणारे-पिणारे गावात ठणठणीत हिंडायलेत!"

खाण्यात काय असते असे विचारले, तर म्हणाले, "साधंच की. वरण-भात, पोळी." मग मी सोबत आलेल्या सूनबाईंकडे वळलो. आहाराची चौकशी रांधणाऱ्या बाईकडे करावी, खाणाऱ्या पुरुषाकडे करू नये, हे वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षीच शिकवायला हवे, असे माझे जुने मत आहे. सूनबाई आधी सासऱ्यांकडे बघून घुटमळल्या, पण एकदा सुरू झाल्या तशा थांबल्या नाहीत. मामांचा पहिला चहा काकड्याच्या आधी, आणि पुढे ओसरीवर जो येईल त्याच्याबरोबर एकेक. सोबत टोस्ट, नाहीतर खारी. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले मुरमुरे. दुपारी गव्हाच्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर भात. गावात सप्ताह असला की बुंदी. ज्वारीची भाकरी कधी होते असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "शहरातले पाहुणे आले अन् त्यांनी मागितली, तर होते."

या सबंध यादीत मांसाचा एक कण नव्हता, हे बापूंचे म्हणणे अगदी खरे होते. मात्र साखर, मैदा, मुरमुरे, बटाटा आणि भात हे सगळे वनस्पतिजन्यच आहे, आणि त्यांच्या जेवणात त्याखेरीज फारसे काही नव्हते. मी गोळ्या लिहून दिल्या आणि त्याबरोबर एकच काम सांगितले. घरी साखर मोजायचे यंत्र घ्यायचे, दुपारच्या जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोटाची तपासणी करायची आणि दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. खाण्यापिण्याबद्दल मुद्दामच काही बोललो नाही, कारण वयस्कर माणसाला सुनेसमोर पथ्य सांगितले की ते त्याला लागते आणि मग ते पाळले जात नाही.

पुढच्या खेपेला बापू आले ते कापडी पिशवीत भिंतीवरची दिनदर्शिका गुंडाळून घेऊनच. टेबलावर त्यांनी ती पसरली. प्रत्येक तिथीच्या चौकटीत नातवाच्या पेन्सिलीने आकडे टिपले होते, आणि दोन चौकटींतल्या आकड्यांभोवती जाड गोल काढला होता. एरवीच्या दिवशी जेवणानंतरची साखर दोनशेच्या अलीकडे-पलीकडे असे. गोल काढलेल्या दोन्ही दिवशी ती पावणेतीनशेच्या वर गेली होती. त्या दोन चौकटी कोणत्या, हे श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल. शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही एकादश्या! बापू दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, उपासाच्या दिवशीच कशी काय वाढायली ही?"

एकादशीला त्यांच्याकडे दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी, वर केळी आणि राजगिऱ्याचा लाडू असे. मी त्यांना सांगितले, की साबुदाणा म्हणजे एका कंदाचे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला; आज आपल्याकडे येणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने येतो. बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हीसुद्धा अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आली. बापूंनी दिनदर्शिकेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "म्हंजी तुकोबांनी खिचडी खाल्लीच नसंल?" मी म्हणालो, मला तरी तसेच वाटते. त्यावर ते सुनेला म्हणाले, "मग आपल्यालाच कशापायी पाह्यजे?"

पुढच्या एकादशीपासून त्यांच्या पानात एखादे रताळे, मूठभर शेंगदाणे, ताक आणि पेरू आला. उपासाच्या दिवशी साखर एकदम उतरू नये म्हणून कोणती गोळी किती घ्यायची, हे त्यांना वेगळे लिहून दिले. एरवीच्या दिवशी भाकरी, तुरीचे वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ आणि तांदुळजा, मेथी, अंबाडी यांपैकी जी भाजी मिळेल ती. चहा दोनदाच आणि बिनसाखरेचा. संध्याकाळी हरिपाठाला देवळात जाताना मोटारसायकलवर मागे बसणे बंद. काही महिन्यांनी एचबीएवनसी ७.१ वर आली. गोळ्या चालूच होत्या, हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळे श्रेय रताळ्याला देणे बरोबर होणार नाही.

बापूंच्या दिनदर्शिकेवर जे उमटले, तेच मोठ्या अभ्यासांतही दिसते. अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी वनस्पतिजन्य आहाराचे दोन भाग केले. अख्खे धान्य, डाळी, भाज्या, फळे आणि दाणे जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका कमी आढळला. मैदा, गोड पेये आणि मिठाई जास्त खाणाऱ्यांत तो वाढलेला आढळला. दोन्ही अन्ने झाडाचीच, धोका मात्र उलट. हे निरीक्षण होते, प्रत्यक्ष प्रयोग नव्हे. प्रयोगांत अमेरिकेतले डॉक्टर डीन ऑर्निश यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९९० साली ४८ हृदयरोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. अतिशय कमी चरबीचा शाकाहार, चालणे, योग, तंबाखू बंद आणि गटाचा आधार असे एक वर्ष गेल्यावर या मंडळींच्या रक्तवाहिन्यांतले अरुंदपण किंचित कमी झाले, तर नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ते वाढले. रुग्ण थोडे होते आणि सगळे उपाय एकत्र केले होते, म्हणून यश एकट्या आहाराच्या पदरात घालता येत नाही. आपल्या जवळचा प्रयोग चेन्नईचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. साखर आणि मैदा कमी, तंतुमय अन्न जास्त आणि नियमित चालणे, एवढ्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. गोळीने होणारा फायदाही जवळपास तेवढाच निघाला.

ज्वारीत साखर नसते, असा आपल्याकडे एक समज आहे. ज्वारीतही पिष्ट आहेच, त्यामुळे चार भाकरी आणि वरणाचे नुसते पाणी हे काही पथ्य नव्हे. एक-दीड भाकरी, घट्ट वरण आणि वाटीभर पालेभाजी हे पथ्य. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेले 'परभणी शक्ती' हे वाण दिले आहे, ते मिळाले तर उत्तमच. मात्र उन्हाळ्यात चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या हातांचा विचार न करता "भाकरी खा" असे ऐटीत सांगणारे लोक मला आवडत नाहीत. घरातल्या पुरुषांनीही परातीत हात घालावा.

आता औषधांबद्दल. खाणे बदलल्यावर इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर एकाएकी खाली जाऊ शकते, म्हणून आहारातला बदल डॉक्टरांना आधी कळवा आणि औषध आपल्या मनाने कमी करू नका, बंद तर मुळीच करू नका. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डाळी, पालेभाज्या आणि फळे यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणखी एक गोष्ट माळकरी मंडळींसाठी. बी-बारा हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून मिळत नाही, दूध-ताकातून थोडेफार मिळते, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने तेही कमी होत जाते. पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि आपण ते वयावर किंवा साखरेवर ढकलतो. अशी गोळी बरीच वर्षे चालू असेल, तर पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा बी-बाराची तपासणीही करायला सांगा. नमस्कार.